तीन तुकडे आणा, किल्ली घ्या

“माझं मशीन कोणी फोडू शकत नाही,” कुलूप म्हणाला. “मीसुद्धा.”

हे तो शनिवारी सकाळी साडेदहाला म्हणाला. अकराला चार मिनिटं कमी असताना यातलं दुसरं वाक्य खरं ठरलं.

कुलूप म्हणजे आमचा मित्र. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना लांबचं दिसत नाही ते तो दाखवतो, आणि स्वतःचं जवळचं कोणाला दिसू नये म्हणून जिवाचं रान करतो. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आणि एकदा खबरदारी म्हणून मिक्सरच्या लाल दिव्यावरसुद्धा. म्हणून हे नाव. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. ती त्याला काय म्हणते ते त्या त्या दिवसावर अवलंबून असतं.

दर शनिवारी सकाळी आमचं मंडळ त्याच्या हॉलमध्ये जमतं. शिवणकाम करणारा मास्टर, लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्ट, वाचनालयातल्या ताई, आणि मी. मी लोकांचे वीजमीटर वाचतो. जुने कॉम्प्युटर उघडायचे, नव्याने जोडायचे, छोटे छोटे बोर्ड डकवून त्यातून काहीतरी चालू करायचं हा आमचा छंद. लिफ्टने एकदा झाडाला तहान लागली की मेसेज करणारी कुंडी बनवली होती. झाड मेलं, मेसेज अजून येतात. आणि सुरक्षा हा आमचा धर्म. लॅपटॉप उघडा टाकून कोणी हात धुवायला गेला, तर परत येईपर्यंत त्याच्या पडद्यावर गाढवाचं चित्र लागलेलं असतं.

तर कुलपाचं ते मशीन चपलांच्या कपाटात, वरच्या खणात असायचं. चोर चपलांच्या कपाटात बघत नाही, हा त्यामागचा विचार. त्यात घरातलं सगळं साठवलेलं. त्या दिवशी त्यात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर वहिनीचं पुस्तक.

वहिनी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. सहा वर्षं तिने एकेका हातखुणेचं चित्र काढलं. ‘पाणी’, ‘भाऊ’, ‘राग आला’, ‘माझी पाळी’, अशी नऊशे बारा चित्रं. सगळी पाटीसारख्या स्क्रीनवर काढलेली, कागदावर एकही नाही. प्रेसवाल्याने सांगितलं होतं, शनिवारी पाचच्या आत फाइल मिळाली तर सोमवारी छपाई धरतो. नाहीतर पुढचे सात महिने प्रेस शाळेच्या क्रमिक पुस्तकांना दिलेली. म्हणजे नव्या वर्षाला शाळेत येणारी मुलं पुस्तकाशिवाय बसणार. वहिनी सकाळी शाळेत जाताना कुलपाला म्हणाली होती, “अडीचला येते. आल्यावर आपण पाठवू. तोपर्यंत त्याला हात लावू नका.”

कुलपाने हात लावला नाही. त्याने वायर उपटली.

झालं असं की मास्टरने सहज विचारलं, “कोणी आख्खा डबाच उचलून नेला तर?”

“नेऊ दे की. चारशे बारा दिवस मशीन अखंड चालू आहे,” कुलूप म्हणाला. “चोराने वायर काढली, की आतलं सगळं आपोआप गोठतं. पुन्हा चालू केलं की चौसष्ट अक्षरांची किल्ली मागतं. हे बघ.” आणि त्याने दाखवलं.

मशीन बंद झालं. मशीन चालू झालं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: किल्ली द्या.

“बघितलंस?” कुलूप म्हणाला.

“बघितलं,” मास्टर म्हणाला. “दे आता.”

“मला कुठे माहितीये. मला माहीत असली तर माझ्याकडून कोणी काढून घेईल ना. म्हणून तर तुकडे केलेत.”

हे तुकड्यांचं प्रकरण आमच्या मंडळाचं खास. कुलपाने एका प्रोग्रॅमने त्या किल्लीचे पाच तुकडे केले होते. प्रत्येक तुकडा म्हणजे चोवीस अक्षरं आणि आकडे. पाचांपैकी कुठलेही तीन तुकडे एकत्र केले की किल्ली तयार. दोन चोरीला गेले तरी चोराच्या हाती काही लागत नाही, दोन हरवले तरी आपलं काही अडत नाही. एकेक तुकडा आम्हा चौघांकडे, पाचवा त्याच्याकडे. नियम दोन. तुकडा दुसऱ्याला सुचणार नाही अशा जागी ठेवायचा, आणि ती जागा कोणाला सांगायची नाही. आम्ही हे नियम मनापासून पाळले. तिथेच घोळ झाला.

“तीन तुकडे, पंधरा मिनिटं,” कुलूप म्हणाला. “मीटर, तुझा काढ.”

मी म्हणालो, “माझा फोनमध्ये आहे. पण कुलूपबंद अ‍ॅपमध्ये.”

“मग उघड.”

“त्याचा पासवर्ड लांब आहे. मी तो लिहून ठेवलाय.”

“कुठे?”

मी चपलांच्या कपाटाकडे बघितलं. गेल्या वर्षी कुलपानेच सांगितलं होतं, पासवर्ड इकडेतिकडे लिहू नकोस, माझ्या मशीनवर ठेव, तिथे कोणी पोचू शकत नाही.

“शहाणाच आहेस,” कुलूप म्हणाला. “बरं, हरकत नाही. माझा आहे. माझा मी पाठ केला आणि कागद जाळून टाकला.” त्याने डोळे मिटले आणि मुलं पाढे म्हणतात तसा सुरात तुकडा म्हणायला लागला. अठरा अक्षरं झरझर आली. एकोणिसाव्याला सूर तुटला. परत पहिल्यापासून. परत अठरा. तिसऱ्या वेळी सतराच आली.

ताई म्हणाल्या, “थांबा, जास्त म्हणू नका. आहेत तीही जातील.”

“काही बिघडत नाही,” कुलूप म्हणाला, पण आता तो उभा होता. “अजून तीन आहेत. तीनच लागतात. मास्टर?”

“कोटात शिवलाय.”

“कोणाच्या?”

“दुकानात एक कोट चार वर्षं पडून होता. गिऱ्हाईक मापं देऊन गेलं ते फिरकलंच नाही. म्हटलं याच्याइतकी सुरक्षित जागा जगात नाही. कॉलरच्या अस्तरात घातला आणि वरून बारीक टाके मारले.” मास्टरने घसा साफ केला. “परवा घेऊन गेला.”

“कोण?”

“गिऱ्हाईक. चार वर्षं माणूस आला नाही, आणि तुकडा ठेवला तर दीड महिन्यात हजर. वर म्हणतो, उशीर झाला, माफ करा.”

मास्टर त्या गिऱ्हाइकाच्या शोधात निघाला. लिफ्टचा तुकडा विमा कार्यालयाच्या इमारतीत होता, ताईंचा वाचनालयात. मी दोघांबरोबर गेलो. कुलूप मशीनजवळ थांबला. थांबून काय करणार होता कोणास ठाऊक, पण आजाऱ्याजवळ कोणीतरी बसावं लागतं.

विमा कार्यालयाची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. लिफ्टने आपला तुकडा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या भिंतीवर खिळ्याने कोरला होता. तो वाचायचा म्हणजे लिफ्ट बरोबर मधे थांबवायला हवी. आम्ही आत शिरलो तर मागून एक वकीलबाई फायली सांभाळत आल्या. सहाव्या मजल्यावर जायचं म्हणाल्या. लिफ्टने मान डोलावली आणि साडेचारव्या मजल्यावर बटण दाबून थांबवली.

“बिघडली का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” लिफ्ट म्हणाला. “वाचतोय.”

तो भिंतीवर टॉर्च मारून एकेक अक्षर सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. मधे तेलाचे ओघळ होते, ते त्याने आधी बोटाने आणि मग बाहीने पुसले. वकीलबाईंनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “तो आठ नाहीये, बी आहे.” आम्ही परत बघितलं. बीच होता. सहाव्या मजल्यावर उतरताना त्यांनी आम्हाला आपलं कार्ड दिलं. म्हणाल्या, पुढेमागे लागेल.

वाचनालयात ताई सरळ कार्डांच्या कपाटाकडे गेल्या. त्यांनी डोकं लढवलं होतं. पुस्तकात चिठ्ठी ठेवली तर पुस्तक कोणीतरी नेणार. म्हणून त्यांनी जगात नसलेल्या पुस्तकाचं कार्ड बनवलं होतं. ‘मध्यम आकाराच्या बाष्पकांची देखभाल, खंड तिसरा’. पुस्तकाचा क्रमांक म्हणून जो लिहिला होता, तोच तुकडा. कार्ड जागेवर होतं. त्याच्यामागे टाचणीने लावलेल्या तीन चिठ्ठ्याही होत्या.

“या काय?” मी विचारलं.

“मागणी,” ताई म्हणाल्या. “तीन वाचक रांगेत आहेत. एकाने कार्यकारिणीकडे तक्रार केलीये, मी पुस्तक दाबून ठेवलंय म्हणून. पहिले दोन खंड वाचलेत म्हणे त्याने. चांगले आहेत म्हणतो.”

दोन तुकडे हातात घेऊन आम्ही परतलो तेव्हा एक वाजला होता. मास्टर आधीच येऊन बसला होता. त्याचा चेहरा बघूनच मी विचारायचं टाळलं, पण लिफ्टला तेवढी पोच नाही.

“सापडला का गिऱ्हाईक?”

“सापडला. कोट घालूनच बसला होता. त्याच्या अंगावरच कॉलर उसवली मी. बायको त्याची बघत होती, मी शिंपी आहे हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.” मास्टरने खिशातून कागदाचा राखाडी गोळा काढून टेबलावर ठेवला. “कोट धुतलाय त्यांनी. दोनदा.”

तो गोळा आम्ही चिमट्याने उलगडला. हेअर ड्रायरने वाळवला. कुलपाने दुकानातून डोळे तपासायचं भिंग आणलं आणि त्यातून अर्धा तास बघितलं. चोवीसपैकी त्याला एक अक्षर मिळालं, आणि ते धोब्याची खूण निघालं.

मग कुलपाच्या अठरा अक्षरांवर जोर सुरू झाला. पुढची सहा आठवावीत म्हणून त्याला ज्या खुर्चीवर बसून पाठ केलं होतं तिथे बसवलं. त्या दिवशी काय खाल्लं होतं ते विचारलं. लिफ्टने सुचवलं की सहा अक्षरं अंदाजाने घालून बघू. ताईंनी कागदावर गणित केलं, कागद उलटा करून मागेही केलं, आणि मग घडी घालून पर्समध्ये ठेवून दिला. आकडा काय आला ते सांगितलं नाही.

अडीचला वहिनी आली.

तिने आम्हा पाचांना बघितलं, उघडं कपाट बघितलं, काळा पडदा बघितला. “हात लावलात,” ती म्हणाली.

“हात नाही,” कुलूप म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. त्याच्या बाजूने एक म्हणायला हवं, काही लपवलं नाही. पहिल्यांदाच.

“माझ्या पेनड्राइव्हवर एक प्रत होती,” वहिनी म्हणाली.

“तो मी तुला फेकून द्यायला लावला,” कुलूप म्हणाला. “पेनड्राइव्ह म्हणजे उघडी खिडकी, असं म्हणालो होतो.”

“आणि पाटीवर?”

“पाटीवरून मशीनवर गेलं की पाटीवरचं आपोआप पुसलं जातं. मीच तसं लावून दिलंय.”

वहिनी आरडाओरडा करेल म्हणून आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. तिने पर्स टेबलावर ठेवली, घड्याळात बघितलं, खुर्चीवर बसली. “पुन्हा काढीन,” ती म्हणाली. “सहा वर्षं लागली. आता हात बसलाय, पाच लागतील.”

याच्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुलूप चपलांच्या कपाटाला टेकून खाली जमिनीवर बसला. चष्मा काढून पुसत राहिला. इतका पुसला की मला वाटलं काच पातळ होईल.

पावणेचारला बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे कंडक्टरकाका. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण एका हाताने दाराची चौकट धरून उभे राहायची सवय गेलेली नाही. तीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. काकूंचं आणि त्यांचं भांडण पूर्वी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. गेलं वर्षभर मात्र खाली चिडीचूप. दोघांनी अबोला धरलाय असा आख्ख्या इमारतीचा समज होता, आणि या वयात काय हे, म्हणून सगळे हळहळत होते.

काका कुलपाकडे बघून मोठ्याने म्हणाले, “तुमचं मशीन बंद पडलंय का? सकाळपासून नवीन धडा दिसत नाही.”

“कसला धडा, काका?” कुलूप जमिनीवरूनच म्हणाला.

काकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी वहिनीकडे बघितलं, तिचा चेहरा बघून थबकले, आणि हातांनी काहीतरी केलं. मूठ छातीशी, मग दोन बोटं गालावरून खाली.

वहिनी ताठ बसली. तिने हातांनी काहीतरी विचारलं. काकांनी हातांनी उत्तर दिलं. तिने परत विचारलं. चांगली पाच मिनिटं दोघं असे बोलत होते आणि आम्ही, संपर्काच्या नव्या साधनांचे छंदिष्ट, टेनिस बघावं तशा माना इकडून तिकडे फिरवत होतो.

“काय म्हणतायत?” शेवटी ताईंनी विचारलं.

“विचारत होते, रडावंसं का वाटतंय,” वहिनी म्हणाली. “ती सत्तराव्या क्रमांकाची खूण आहे. माझी. मी विचारलं, कुठे शिकलात. म्हणाले, टीव्हीवर.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापूर्वी काकांचं वायफाय बंद पडलं होतं तेव्हा शेजारधर्म म्हणून कुलपाने त्यांना आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता. आणि कुलपाला रात्री जेवताना मशीनवरचे सिनेमे टीव्हीवर बघायचे असत. दर वेळी किल्ली मागितली तर जेवण गार होतं, म्हणून मशीन चालू असताना आतलं सगळं घरच्या टीव्हीला बिनापासवर्ड दिसेल असं त्याने ठेवलं होतं. मशीनला काय, घरचं वायफाय वापरतो तो टीव्ही घरचाच. काकांचा टीव्हीही घरचाच ठरला.

“म्हणजे चोराने वायर काढली तर काही मिळणार नाही,” मास्टर म्हणाला, “पण नाही काढली तर खाली सोफ्यावर बसून सगळं बघता येईल.”

कुलपाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

काका सांगत होते, “रोज सकाळी दोन-तीन चित्रं. मी आणि ही. आधी ‘मीठ कमी’ शिकलो. मग भांडणाची सगळी. आता आम्ही दिवसभर भांडतो, पण शेजाऱ्यांना त्रास नाही. चारशे सतराव्यात चूक आहे हां. ‘उद्या’चा डावा हात उलटा काढलाय.”

वहिनीने डोळे मिटून हवेत डावा हात फिरवून बघितला. “खरंच की,” ती म्हणाली.

“काका,” कुलूप उठून उभा राहिला आणि त्यांच्या तोंडासमोर जाऊन, ओठ नीट हलवत म्हणाला, “ती चित्रं. आता. तुमच्याकडे. आहेत का?”

“मशीन बंद तर नवीन कशी येतील?”

“नवीन नको. जुनी.”

“जुनी आहेत ना. जावयाने डबा बसवलाय टीव्हीला. मधे अडकू नये म्हणून तो सगळं आधीच उतरवून घेतो. काल रात्रीपर्यंतचं आहे त्यात.”

जिन्यावरून सात जण एकदम उतरले तर काय होतं ते लिफ्टला धंद्यामुळे ठाऊक असायला हवं होतं, पण तोच सगळ्यात पुढे होता आणि तोच पायपुसण्यावरून घसरला. काकूंनी दार उघडलं, आमची वरात बघितली आणि काकांना खुणेने काहीतरी विचारलं. वहिनी पटकन हसली. काय विचारलं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

डबा उघडला. फोल्डर होतं. फोल्डरमध्ये चित्रं होती. वहिनी सोफ्याच्या कडेवर बसून आकडे बघत होती. ‘पाणी’. ‘भाऊ’. ‘राग आला’. शेवटचं चित्र काल रात्रीचंच, ‘संपलं’. सगळी होती. शाळेसाठी काढलेली, पूर्ण आकाराची, रेघही न पुसलेली.

“आहेत,” ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरला तो दिसला. आम्हा सगळ्यांचा जीव एकदमच भांड्यात पडला. काकूंना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी उठून वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला.

कुलपाने पेनड्राइव्ह मागितला. कोणाकडेच नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्याचं ऐकून कधीच फेकून दिले होते. शेवटी काकांनी टीव्हीखालच्या खणातून एक काढला, देवाण-घेवाणीसाठी ठेवलेला, वर ‘भजनं’ असं लिहिलेला. वहिनीने ‘उद्या’चा डावा हात तिथेच बसून आपल्या पाटीवर सुलटा केला. तोपर्यंत काका तिच्या समोर उभे राहून हात धरून होते, नमुना म्हणून. मग आख्खं फोल्डर तसंच्या तसं पाठवलं. घाई होती, उघडून निवडायला वेळ नव्हता. पाचला चौदा मिनिटं कमी असताना प्रेसवाल्याचा फोन आला. मिळालं म्हणाला. सोमवारी धरतो म्हणाला.

काकूंनी सगळ्यांना चहा केला. कुलपाने कप खाली ठेवला. मग काकांसमोर गेला आणि विचारलं, “आभार मानायची खूण कुठली?”

काकांनी दाखवली. कुलपाने केली.

“ही ‘पाय दुखतो’ झाली,” काका म्हणाले. “बोटं जुळव.”

त्याने जुळवली. आधी काकांना केली, मग काकूंना, आणि शेवटी वहिनीला बऱ्याच वेळा. तिने चौथ्या वेळेला मान डोलावली.

पुस्तक दोन महिन्यांनी आलं. छपाई सुरेख आहे, बांधणी घट्ट आहे आणि शाळेतली मुलं ते पान न पान बघतात. डब्याने त्याच फोल्डरमध्ये काकांचीही एक फाइल ठेवली होती. ‘संपलं’ या खुणेनंतर, नऊशे तेराव्या क्रमांकावर, कंडक्टरकाकांच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे छापलेला आहे.